स्ट्रोकनंतर चार वर्षांनी ट्रेडमिलवर चढले, माझा अनुभव

स्ट्रोक येऊन चार वर्षं झाली होती, उजवी बाजू गेलेली. पहिल्या सहा महिन्यांत जे येतं तेवढंच, पुढे काही नाही, असं इतक्या जणांनी सांगितलं की मीही तेच धरून बसले. काठी घेऊन घरातल्या घरात चालायचे, पाय कमरेतून गोल फिरवून टाकायचा, पंजा घासत यायचा, उजव्या बुटाचं टोक कायम झिजलेलं.

नवीन फिजिओ मॅडमनी आधी बीपी आणि हार्ट तपासून आणायला लावलं. मग १० मीटर चालायला लावलं, २८ सेकंद लागले.

ट्रेडमिलवर छातीला नि मांड्यांना हार्नेस बांधून वरून अडकवतात, थोडं वजन तेच पेलतं. स्पीड ०.५, तरी डाव्या हाताने दांडा इतका गच्च धरला होता की रात्री बोटं दुखत होती. मॅडम खाली स्टुलावर बसून माझी नडगी आणि घोटा धरून एकेक पाऊल टाकून घेत होत्या, टाच आधी, टाच आधी. मला वाटायचं पाय पुढे टाकता येत नाही हाच प्रॉब्लेम, पण त्या म्हणाल्या पट्टा पाय मागे नेतो तेव्हा खुबा ताणला जातो आणि तिथूनच पाय पुढे यायला जोर मिळतो, आणि मी तर चार वर्षं पाय मागे जाऊच देत नव्हते!! हे कळलं त्या दिवशी घरी येऊन खूप रडले.

आठवड्यातून तीनदा, १२ आठवडे. सुरुवातीला तीन मिनिटांत बसायचे. मध्ये गुडघा मागे लॉक होऊन दुखायला लागला तेव्हा स्पीड परत कमी केला, घाई करू नका खरंच. बीपीच्या काही गोळ्यांनी नाडी हवी तेवढी वाढत नाही, म्हणून किती जोर लावायचा ते दम किती लागतोय त्यावर ठरवायचे.

शेवटी १० मीटर १९ सेकंदांत, आणि सलग २० मिनिटं.

मशीन मिळत नसेल तरी थांबू नका. २०११ मध्ये अमेरिकेतल्या ४०८ पेशंटचा अभ्यास आला, त्यात घरी फिजिओकडून ताकद आणि बॅलन्सचे व्यायाम केलेले लोक ट्रेडमिलवाल्यांइतकेच सुधारले, आणि ट्रेडमिल स्ट्रोकनंतर दोन महिन्यांनी सुरू करा की सहा महिन्यांनी, वर्ष झाल्यावर फरक नव्हता.

हात अजून तसाच आहे, जिना चढताना मुलगा मागे उभा लागतोच. पण बूट घेऊन सात महिने झाले, टोक शाबूत आहे.