जपानी चांदी म्हणतात ती नक्की कुठली?

जपानी थीमच्या चांदीचा नाद लागला की सुरुवातीला सगळंच सारखं दिसतं. कोइ मासे, सामुराई, फुजी पर्वत, चित्रकार होकुसाईची ती प्रचंड लाट, ड्रॅगन, सगळं चकचकीत आणि प्रत्येकावर एक औंस शुद्ध चांदी असं कोरलेलं. पण नाणं पालथं केलं की बऱ्याचदा मागे ब्रिटनची राणी किंवा आता राजा निघतो, आणि खाली निउए नाहीतर तुवालू असं नाव. निउए म्हणजे पॅसिफिकमधलं जेमतेम दीड-दोन हजार वस्तीचं बेट, तिथे न्यूझीलंडचा डॉलर चालतो, म्हणून एक औंसाच्या नाण्यावर 'दोन डॉलर' असं लिहिलेलं असतं. पाडतात दुसरीकडेच कुठेतरी, बेटाला परवानगीचे पैसे मिळतात आणि टाकसाळीला आपल्या मालाला 'नाणं' म्हणायची सोय होते. २००१ मध्ये तर निउएच्या नाण्यांवर पिकाचूसुद्धा येऊन गेला.

यात फसवणूक काही नाहीये बरं का. चांदी खरी, वजन खरं, आणि कोइ माशांची डिझाइनं मला स्वतःला आवडतात, खवल्यांवर प्रकाश मस्त खेळतो. पण याला जपानी नाणं म्हणायचं का, तर माझं मत सरळ नाही असं आहे. राउंडचं तर अजूनच सोपं, त्यावर ना देश ना छापील किंमत, खाजगी कंपनीने पाडलेली ती गोल चांदी, बस. अशा मालात मी चांदीच्या भावावर किती जास्त मागतायत तेवढंच बघतो, कारण विकताना घडणावळ फारशी कोणी मोजत नाही.

मग जपानची स्वतःची चांदी कुठे आहे? गंमत अशी की अमेरिकेचा ईगल किंवा कॅनडाचं मेपल लीफ जसं दरवर्षी येतं तसं चांदीचं बुलियन, म्हणजे धातूच्या भावावर गुंतवणुकीसाठी घ्यायचं, नाणं जपान काढतच नाही. ओसाकाची सरकारी टाकसाळ १८७१ पासून चालू आहे, पण तिची आजची चांदी येते ती स्मारक नाण्यांत आणि मेडल्समध्ये. आणि स्मारक नाणी म्हणजे चलन, त्यामुळे छापील किंमत हा वेगळाच हिशोब असतो. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकचं १००० येनचं नाणं घ्या, २० ग्रॅम, ९२५ चा कस (म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी), एका बाजूला फुजी आणि चेरीची फुलं, दीड कोटी पाडली तरी लोक बँकांपुढे रांगा लावून होते. त्याच वर्षीचं १०० येनचं नाणं ४.८ ग्रॅमचं, पण कस फक्त ६०० चा, म्हणजे चांदी तीन ग्रॅमपेक्षाही कमी, हे न बघता लोक वजनावर भाव लावतात तेव्हा आश्चर्य वाटतं. १९८६ मध्ये सम्राट हिरोहितोच्या कारकिर्दीला ६० वर्षं झाली म्हणून १०,००० येनचं नाणं निघालं, त्यात २० ग्रॅम शुद्ध चांदी, तेव्हा छापील किंमत आतल्या चांदीपेक्षा कितीतरी जास्त होती. आणि हो, जपानमध्ये चलनी नाणं वितळवणं गुन्हा आहे, १९४७ चा कायदा आहे तसा.

एक औंसवाल्यांनी जपानकडे बघायचंच असेल तर ४७ प्रांतांची मालिका बघा. २००८ ते २०१६ मध्ये प्रत्येक प्रांताचं १००० येनचं एकेक नाणं आलं, ३१.१ ग्रॅम, शुद्ध चांदी, प्रत्येकी एक लाख. मला रंगीत नाणी एरवी अजिबात आवडत नाहीत, चांदीवर रंग म्हणजे स्टिकर चिकटवल्यासारखं वाटतं, पण इथे काही काही जमून आलीयेत. क्योतोवर गेंजीच्या कथेतलं जुनं चित्र आहे, ओकिनावावर शुरी किल्ला, ज्याचा मुख्य महाल २०१९ मध्ये जळाला. शिमानेच्या नाण्यावर तर जुनी ओबडधोबड लांबट चांदीची लगड आहे, चोगिन, कारण इवामीच्या चांदीच्या खाणी त्याच प्रांतात. चांदीच्या नाण्यावर त्याच मातीतली चांदी, यापेक्षा चांगली थीम कुठला डिझायनर देणार?

पण सगळ्यात जास्त वेळ जातो तो जुन्या ड्रॅगनवाल्या येनवर. १८७० ते १९१४ असा त्याचा काळ, २६.९६ ग्रॅम, ९०० चा कस. तेव्हा आशियाच्या व्यापारात मेक्सिकन डॉलर चालायचा, त्याच्याशी टक्कर द्यायची तर वजन-कस त्याच तोडीचा हवा आणि परदेशी व्यापाऱ्याला वाचताही आला पाहिजे, म्हणून १८७४ पासून ड्रॅगनभोवती जपानी अक्षरांबरोबर इंग्रजीत '४१६ वन येन ९००' असं आलं. ४१६ म्हणजे ग्रेन या जुन्या इंग्रजी मापातलं वजन आणि ९०० म्हणजे कस, नाण्याने आपली कुंडली स्वतःच्याच अंगावर लिहिलीय. डिझाइन कानो नात्सुओचं, मूळचा तलवारीच्या मुठीचं धातुकाम करणारा कारागीर. भिंगाखाली धरलं की ते कळतं, ड्रॅगन वर्तुळात वेटोळं घालून बसलाय पण कुठे कोंबल्यासारखा नाही, एकेक खवला वेगळा, पंज्यात मोती धरलेला, मिशा पार कडेपर्यंत गेलेल्या. वापरलेल्या नाण्यात अंगावरचे उंच भागातले खवले आधी सपाट होतात, दर्जा ठरवताना मी आधी तिथेच बघतो.

१८९७ मध्ये जपान सोन्याच्या मानकावर गेला, म्हणजे चलनाला चांदीऐवजी सोन्याचा आधार धरला, आणि ही नाणी देशात चालेनाशी झाली, पण तैवानसारख्या ठिकाणी चालवायची म्हणून बऱ्याच नाण्यांवर गोलात 'गिन', म्हणजे चांदी, असा छोटा ठसा मारला. ज्या बाजूला हार आणि मध्ये 'एक येन' आहे त्या बाजूला बघायचं, ठसा डावीकडे असेल तर ओसाकाचा, उजवीकडे तर टोकियोचा. काही कलेक्टर याला खराबी समजतात, मला तर ठशाचंच नाणं जास्त आवडतं, आणि चिनी व्यापाऱ्यांनी पारखून मारलेल्या शिक्क्यांचंसुद्धा.

अडचण एकच, याच्या नकला बाजारात ढिगाने आहेत. वजन चुकलं तर सोडूनच द्या, बरोबर असलं तरी पाण्यात घनता काढा, ९०० च्या चांदीची साधारण १०.३ येते, त्यापेक्षा बरीच कमी आली तर आत दुसरंच काहीतरी आहे. मॅग्नेटवर भरवसा नको, पितळ आणि तांबंही त्याला चिकटत नाही.

वर्ष वाचणं वाटतं तेवढं अवघड नाही. जपानी नाण्यावर सम्राटाच्या कारकिर्दीचं नाव आणि तिचं कितवं वर्ष ते असतं. मेइजीच्या आकड्यात १८६७ मिळवायचे, शोवाच्या आकड्यात १९२५, हेइसेइ असेल तर १९८८. मेइजी ७ म्हणजे १८७४. जुन्या नाण्यांवर अक्षरं उजवीकडून डावीकडे जातात एवढं लक्षात ठेवलं की झालं.

मेडल्सकडे लोक फारसे वळत नाहीत आणि म्हणूनच तिथे अजून मजा आहे. ओसाकाच्या टाकसाळीच्या आवारात चेरीची बाग आहे, १८८३ पासून फुलं यायच्या दिवसांत लोकांना खुली करतात, दरवर्षी एक जात 'यंदाची चेरी' म्हणून निवडतात आणि तिचं मेडल काढतात, चांदीतसुद्धा. छापील किंमत नाही, चलन नाही, पण ठसा इतका खोल आणि स्वच्छ असतो की पाकळीवरची शीर दिसते. खरेदी करताना हॉलमार्क शोधायचा, जपानी झेंडा आणि शेजारी पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात कसाचा आकडा, ती टाकसाळीची खूण. खाजगी कंपन्यांची मेडल्स पण भरपूर आहेत, त्यात चांदीचा मुलामा दिलेलं तांबं सर्रास मिळतं, नुसत्या चंदेरी रंगावर जाऊ नका.

ठेवायचं म्हणाल तर मऊ पीव्हीसीची पाकिटं नकोच, हिरवट चिकटा येतो. नव्या शुद्ध चांदीवर पांढुरके डाग येतात ते काही केल्या नीट जात नाहीत, त्यामुळे बुलियनवाल्या कोइ माशांवर ते दिसले तर मी भाव पाडून मागतो. जुन्या येनवरचा काळसर थर मात्र अजिबात घासायचा नाही, घासलेलं नाणं भिंगाखाली लगेच ओळखू येतं आणि किंमत पडते. सध्या माझ्या यादीत शिमाने सगळ्यात वर आहे, डबी आणि कागदपत्रांसकट हवंय, नुसतं नाणं मिळतंय पण त्यासाठी घाई नाही.