ओळंब्याबाहेरचा माणूस

फॅब्रिकेशनच्या धंद्यात काटकोन तपासायचा गुण्या आणि उभी रेषा तपासायचा ओळंबा हेच आमचे देव. त्यात एका शिल्पकार मॅडमचं काम आलं: कॉर्टेन पोलादाच्या (हे रंगवत नाहीत, मुद्दाम गंजू देतात) चौकोनी पेट्या रचून उभा केलेला, दोन मजली घराएवढा माणूस. चेहरा नाही, बोटं नाहीत. मांड्या म्हणजे खांब, कंबर म्हणजे तुळई, छाती म्हणजे आरपार दिसणारी चौकट, खांदे म्हणजे दोन बाजूंना झेपावलेले कॅन्टिलिव्हर, एकाच टोकाला आधार असलेल्या तुळया.

चाचणी जोडणीच्या दिवशी क्रेनने शेवटची पेटी, म्हणजे डोकं, वर चढवलं. टॅक, म्हणजे वेल्डचे तात्पुरते टाके, मारले, ओळंबा सोडला. सूतभरही फरक नाही. मॅडमनी एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "दादा, पाण्याची टाकी छान झालीय. माणूस कुठाय?"

नकाशाबरहुकूमच केलं होतं, त्यामुळे मला राग आला. त्यांनीही ते मान्य केलं. कागदावर कळलं नाही म्हणाल्या. मग आमच्या हेल्पर पोराला समोर बोलावून आरामात उभं राहायला सांगितलं. त्यानं सगळा भार उजव्या पायावर टाकला. कंबर उजवीकडे वर गेली, उजवा खांदा खाली आला, डोकं उजव्या टाचेच्या वर. ग्रीक शिल्पकारांनी ही ढब इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या सुरुवातीलाच संगमरवरात पकडली होती. मी इतकी वर्षं माणसं बघतोय, पण हे कधी मोजलं नव्हतं.

चहा घेताना त्यांनी शिल्पकार अँटनी गॉर्मलींच्या 'एंजल ऑफ द नॉर्थ' या पोलादी देवदूताबद्दल सांगितलं. इंग्लंडमध्ये गेट्सहेडला 1998 मध्ये उभा राहिलेला, 20 मीटर उंच, पंखांचा पसारा 54 मीटर, वजन सुमारे 200 टन. पंख मात्र सरळ रेषेत नाहीत, 3.5 अंश पुढे झुकलेत. समोरच्याला कवेत घ्यावं तसे. एवढ्या लोखंडात साडेतीन अंश! आमच्याकडे एवढ्या फरकाला माल परत येतो.

टॅक तोडले. कंबरेची पेटी पाचरीसारखी कापली, खांद्यांची उलट्या बाजूने. खरं काम इथून पुढे. वजनाचा मध्य एका पायावर सरकला, म्हणजे वाऱ्यात मोकळ्या पायाचे अँकर बोल्ट, म्हणजे पायाला काँक्रीटमध्ये जखडणारे बोल्ट, उपसले जाणार. इंजिनिअरला फोन करून बेस प्लेट आणि बोल्टचा हिशेब नव्याने करून घेतला. वेल्ड थंड होताना आकसतो आणि एवढासा कोन सहज खाऊन टाकतो, म्हणून छोटे छोटे टाके, आलटून पालटून समोरासमोरच्या बाजूंना. वेल्डिंगची वायरही कॉर्टेनला जुळणारीच. साधी वापरली तर गंज चढल्यावर सांधा वेगळ्या रंगाच्या पट्टीसारखा उठून दिसतो.

संध्याकाळी क्रेन सैल केली. आकृती उभी होती आणि खरंच कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी दिसत होती. तरी माझा हात ओळंब्याकडे गेलाच.

भांडण राहिलं ते एकच. कॉर्टेनवरचा गंज स्वतःच कवच बनतो, पण त्याला ओलं होऊन पुन्हा वाळावं लागतं. आत पाणी साचलं तर पोलाद खातच जातं. मला दोन्ही टाचांना निचऱ्याची भोकं हवी होती, मॅडमना अखंड टाच. बरीच हुज्जत घातल्यावर भोकं मागच्या बाजूला, जमिनीलगत पाडायचं ठरलं. खाली खडी टाकायची, नाहीतर गंजाच्या पाण्याचे ओघळ काँक्रीटवरून निघता निघत नाहीत. खडीचा खर्च कुणाचा, ते बिलाच्या वेळी बघू.