गुरुवारचा लेख

सोमवार

सांगलीच्या मार्केट यार्डातून घरी यायला साडेआठ वाजले. नव्या हळदीची आवक वाढली की दिवाणजीला घड्याळ उरत नाही. सकाळी सौदे, दुपारी तोलाई आणि दिवेलागणीला पट्ट्या लिहायला बसायचं. शेतकऱ्याचं नाव, गाव, पोती, वजन, दर, त्यातून हमाली-तोलाई वजा, खाली निव्वळ रक्कम. नोकरीला लागल्यापासून हेच लिहितोय. म्हणूनच दिवाळीनंतर मी नेटवर मराठीतून लेख लिहायला लागलो तेव्हा हिनं विचारलं, "अहो, दिवसभर लिहिता ते कमी पडतंय का?" प्रश्न रास्त होता. उत्तर अजून दिलेलं नाही.

वार मात्र पहिल्यापासून गुरुवार धरलाय. सुचेल तेव्हा लिहू म्हटलं की महिना जातो. माझ्याच सुमारास सुरुवात केलेले दोघं-तिघं ओळखीचे आहेत. त्यांतल्या एकाची "लवकरच भेटू" ही ओळ संक्रांतीपासून जशीच्या तशी आहे. गिऱ्हाईक किती येईल याचा अंदाज घेऊन कुणी आठवडी बाजार भरवत नाही. वार ठरलेला असतो, म्हणून गिऱ्हाईक येतं. कधी येतं, कधी नाही.

या गुरुवारी काय लिहायचं ते ठरलेलं नाही. जेवण झाल्यावर फोन हातात घेतला, आणि दर बघत बसलो.

मंगळवार

मेहुणे आले होते. "किती जण वाचतात?" म्हणाले. आकडा सांगितला. हसले नाहीत, पण चहाचा घोट जरा लांबला.

आकडा दोन आकडी आहे आणि त्यात निम्मी नातेवाईक मंडळी. मामेबहीण तर लेख टाकून दहा सेकंद होत नाहीत तोवर "मस्तच दादा!" लिहिते. एवढ्या वेळात शीर्षकही वाचून होत नाही. तिचा राग येत नाही, उलट तिचं आलं नाही तर नेट बंद आहे का ते बघतो.

मेहुण्यांचा सल्ला असा, की जे गाजतंय त्यावर लिहा. राजकारण, क्रिकेट, नाहीतर मग "हळदीचे दहा फायदे". त्यांचं मला पटलं नाही. हळदीचे फायदे सांगणाऱ्यांना तोटा नाही. पण शेतातून काढलेला ओला कंद शिजवून, आठ-पंधरा दिवस उन्हात वाळवून, ड्रममध्ये घासून पॉलिश केल्यावर मग कुठे सांगलीच्या सौद्यात येतो, तिथं हळकुंडाला एक भाव, मधल्या गोल गड्ड्याला दुसरा आणि तुटक्या कणीला तिसरा मिळतो, हे ज्यांच्या हाताखालून जातं त्यांतलं कुणी लिहीत नाही. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या बातम्या आल्या. पण पोतं फोडल्यावर व्यापारी हळकुंड मोडून का बघतो, ते बातमीत कसं येणार? मोडताना टणक, ठणठणीत आवाज यायला हवा आणि आतला गाभा गडद निघायला हवा. नुसतं वाकलं तर माल ओला आहे. ज्याला हे माहीत आहे त्याला ते सांगण्यासारखं वाटत नाही, आणि इथंच सगळं अडतं.

रात्री जुनं काही वाचत बसलो. 'दर्पण' 6 जानेवारी 1832 ला निघालं. तो दिवस आपल्याकडे पत्रकार दिन म्हणून साजरा होतो, हार-तुरे होतात. पण 1840 मध्ये ते बंद पडलं, हे भाषणात फारसं ऐकू येत नाही. छापील मराठी विकत घेऊन वाचायची सवयच नसलेल्या लोकांसाठी बाळशास्त्री जांभेकरांनी आठेक वर्षं ते चालवलं, हे मला पहिला अंक काढण्यापेक्षा मोठं वाटतं. दुसरे लोकहितवादी. 1848 मध्ये भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात त्यांची पत्रं यायला लागली तेव्हा गोपाळ हरी देशमुख पंचविशीतले होते आणि सरकारी नोकरी करत होते. दोनेक वर्षांत शंभरावर पत्रं! विषय पुन्हा पुन्हा तेच येतात, चिडचिडही तीच, कुठं कुठं घाईत लिहिल्यासारखं वाटतं. मला तर ते वाचून धीरच आला. पण त्यांच्याकडे एक गोष्ट होती जी माझ्याकडे नाही: पुढचा अंक निघायचाच होता, आणि मजकुराची वाट बघणारा संपादक होता. माझ्या लेखाची वाट कुणीच बघत नाही. गुरुवार चुकला तर मला जाब विचारणारा मीच. आणि स्वतःला सवलत द्यायला माणूस किती तयार असतो, ते मार्च अखेरीच्या हिशेबाला दरवर्षी बघतो.

बुधवार

विषय सापडला, तोही वखारीतल्या जुन्या वहीत. मालकांनी जुने बाड आवरायला सांगितलं होतं. एका वहीत ओळ होती, "हरिपूर पेव भाडे". ही नोंद मी स्वतः माझ्या सुरुवातीच्या वर्षांत कितीदा केली असेल. पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीतलं कोठार, एवढं सांगलीत पोरालाही ठाऊक असतं. पण त्यात माणूस उतरतो कसा, हे कधी विचारलं नव्हतं. गरज काय होती? भाड्याची रक्कम जुळली की माझं काम संपत होतं.

संध्याकाळी सायकल काढून सरळ हरिपूरला गेलो. कृष्णा-वारणेच्या संगमावरचं गाव, नाटककार देवलांचं. पूर्वी पेवात उतरणारे एक आबा ओळखीतल्या हमालानं गाठून दिले. पारावर बसले होते. "काय दिवाणजी, इतक्या वर्सांनी पेवाची आठवण झाली व्हय?" म्हणाले. मग बोलत राहिले.

तोंड जेमतेम माणूस जाईल एवढं, आत मोठ्या रांजणासारखी पोकळी. तळाला आणि भिंतींना पाला लावायचा, हळद भरायची आणि तोंड झाकून मातीनं लिंपून टाकायचं. इथली माती अशी, की ओल आत झिरपत नाही. हवाच नसल्यामुळे किडाही लागत नाही. वर्षानुवर्षं माल तसाच राहायचा. भाव आला की उघडायचं. पण उघडल्या उघडल्या आत पाय टाकायचा नाही. तोंड काही तास तसंच मोकळं ठेवायचं, मग दोरीनं पेटता कंदील खाली सोडायचा. "कंदील इझला की आपण बी इझलो," आबा म्हणाले, आणि हात पालथा करून दाखवला. कंदील टिकला तरच माणूस उतरायचा, एक जण वर दोर धरून हाका मारत राहायचा, आणि खालच्यानं ओ द्यायलाच पाहिजे. ओ आली नाही की वर ओढायचं, विचारत बसायचं नाही.

2005 च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं. हळद कुजली, पेवं ढासळली. त्यानंतर माल गोदामांत आणि शीतगृहांत जायला लागला. माझ्या वहीत ती नोंद का थांबली ते असं कळलं. मी तेव्हा त्याच टेबलाशी बसलो होतो, फक्त "पेव भाडे" जाऊन तिथं "गोदाम भाडे" आलं होतं.

हिच्या प्रश्नाचं उत्तर मला वाटतं इथं आहे. वहीत लिहायला विचारावं लागत नाही, आकडा पुरतो. लेखात "मग माणूस उतरला" असं लिहिलं की पुढच्या शब्दाला हात अडतो: कसा उतरला? तिथून उठून जावं लागतं. वाचणारे वाढोत न वाढोत, गुरुवारच्या निमित्तानं मी माझ्याच धंद्यातल्या माणसांशी पहिल्यांदा भावाव्यतिरिक्त बोलायला लागलोय.

गुरुवार

पहाटे उठून टाइप केलं. फोनवर "शेतकऱ्याला" लिहिणं ही एक स्वतंत्र नोकरी आहे. तो कीबोर्ड हट्टानं "शेतकर्याला" करतो, मी मागं जाऊन ऱ शोधून घालतो, तो पुढच्या ओळीत परत तेच करतो. मुलगी म्हणाली, "बाबा, कोण बघतंय? द्या सोडून." मी नाही सोडलं. जास्तीचं एक किलो पट्टीत पडलं तरी कोण बघतंय? पण पडत नाही ना. शेवटी तिनंच संगणकावर इन्स्क्रिप्ट कीबोर्ड लावून दिला. त्यात शिफ्ट धरून र ची कळ दाबली की ऱ येतो. दिवसभर बोटं तेच करत होती.

लेख दुपारच्या सुट्टीत टाकला. मामेबहीण: "मस्तच दादा!" मेहुणे गप्प. संध्याकाळपर्यंत आकडा नेहमीच्या आसपासच.

शुक्रवार

तोलाईच्या वेळी हमालांपैकी एक जण पोत्यावर बसून फोनमध्ये काहीतरी वाचत होता. मला बघून उठला. "दिवाणजी, पेवाचं बराबर हाय. माझा बा उतरायचा. पण आबानं एक सांगितलं न्हाई, खालनं हळद भरून वर आला की माणूस दोन दिस पिवळा असायचा, आंघुळ केली तरी. आय त्येला वेगळं अंथरूण द्यायची."

हे आधी मिळालं असतं तर! मी तिथंच पट्टीच्या पाठीवर लिहून घेतलं. तो जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "पुढच्या बारीला हुकाचं लिवा. हूक लावला की पोतं फाटतं, माल सांडतो, त्यो कुणाच्या नावावर पडतो ते तुमास्नी ठावं हाय. माझं नाव तेवढं घालू नका."

नाव घालणार नाही. पण सांडलेला माल कुणाच्या नावावर पडतो हे मला खरंच ठाऊक आहे, आणि ते लिहायचं तर सोमवारी आधी मालकांशी बोलावं लागेल.