तुम्ही विचारलंत म्हणून: घरात मुलगी नाही, मग गुलाबाई कोणासाठी?

गुलाबाई म्हणजे आमच्या खानदेशातला मुलींचा सण, त्यामुळे भाद्रपद पौर्णिमा आली की हा प्रश्न येतोच. सगळ्यात आधी आईने विचारला होता, "घरमा पोर नई, मंग गुलाबाई कोनासाठे?" मग शेजारच्या काकूंनी, मग ऑफिसात, आणि यंदा तर मूर्तीवाल्यानेच विचारलं. मला दोन मुलगेच आहेत हे सगळ्यांना माहीत आहे तरी विचारतात. इतकी वर्षं मी "परंपरा टिकली पाहिजे ना" असं बोलून सुटायचो. ते खोटं नव्हतं, पण ते माझं कारण नव्हतं.

पुण्याचे नातेवाईक विचारतात, म्हणजे भोंडलाच ना? नाही हो. भोंडला घटस्थापनेपासून, पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरायचा. आमची गुलाबाई मातीची, शेजारी गुलोजी म्हणजे शंकर, मांडीवर बाळ, आणि ती येते ती कोजागिरीपर्यंत चांगली महिनाभर राहते. पितृपक्षात लोक साधी चप्पल विकत घेत नाहीत आणि ही पितृपक्ष लागायच्या तोंडावर येऊन बसते, कारण माहेरी यायला मुलगी मुहूर्त बघत नाही, असं आजी म्हणायची. आजीची गोष्ट अशी की शंकर सारीपाटात हरले नि रुसून रानात निघून गेले, मग पार्वतीने भिल्लिणीचं रूप घेऊन त्यांना भुलवलं, म्हणून भुलाबाई, आणि आमच्याकडे तीच गुलाबाई. आमचं गाव चोपडा तालुक्यात, गच्चीवर गेलं की समोर सातपुडा, त्यामुळे ती भिल्लीण आम्हाला कधी पुराणातली वाटलीच नाही. ती डोंगरातून उतरून आमच्या ओट्यावर आलीये असंच वाटायचं.

आता खरं कारण सांगतो.

1991 साल. मी सातवीत, ताई दहावीत. संध्याकाळी मुली टिपऱ्या घेऊन घरोघर जायच्या, गाणी म्हणायच्या आणि मग खाऊ ओळखायचा. झाकलेला डबा कानाशी हलवायचा, गोड का तिखट विचारायचं, आणि ओळखता आला नाही तर ज्यांचं घर त्या जिंकल्या. डबा धरायचं काम लहानपणापासून माझं, मला गाणी सगळी पाठ होती, टिपरीही येत होती. त्या वर्षी शाळेतली पोरं मला गुलोजी म्हणायला लागली. वर्गात, मैदानात, सायकल स्टँडवर, सगळीकडे गुलोजी. महिनाभर ऐकलं. कोजागिरीच्या आदल्या दिवशी चार पोरं ओट्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, खरा मर्द असशील तर डबा उघडून फेक.

आमच्या घरची पाळी होती. ताईने दुपारभर दार लावून खाऊ बनवला होता, मलासुद्धा सांगितलं नव्हतं. मुली आठ-दहा नावं घेऊन हरल्या होत्या, ताई इतकी हसत होती आणि मी तिच्या हातातून डबा ओढला. तिने धरून ठेवला, मी अजून जोरात ओढला, माझा पाय मखराच्या ज्वारीच्या धांड्यांना लागला आणि पाटासकट गुलाबाई आडवी झाली. मांडीवरचं बाळ तुटून वेगळं पडलं. डबा उघडला होता, सगळ्या ओट्यावर तिळाच्या वड्या. पोरं हसत पळाली, मी पण त्यांच्यामागे पळालो. हे मी बायकोलाही फार उशिरा सांगितलं, की मी पळालो.

रात्री आलो तेव्हा ताईने बाळ कणकेने चिकटवलं होतं आणि एकटीच समोर बसली होती. ओरडली नाही, बाबांनाही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी अनेर नदीवर विसर्जनाला मला बोलावलं नाही. पुढच्याच वैशाखात तिचं लग्न झालं. म्हणजे ती तिची माहेरची शेवटची गुलाबाई, आणि ती मी पाडली.

मी लहान होतो, ही बाजू आहेच. बारा वर्षांच्या पोराला महिनाभर चिडवलं तर तो काय करणार? पण बारा वर्षांच्या पोराला बहिणीचं तोंड दिसत होतं ना, तरी ओढलाच ना डबा? बायको म्हणते तू प्रायश्चित्त घेतोयस. असेल. पण प्रायश्चित्ताचं एवढं कोण उत्साहाने करतं, मला तर श्रावणातच खाऊची यादी सुचायला लागते. मला ते आवडायचं, आजही आवडतं, आणि ते आवडतं म्हणायची तेव्हा हिंमत नव्हती. यातलं कोणतं कारण जास्त खरं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

ताईला विचारलं तर म्हणते, मला नाही बाबा आठवत. तिळाच्या वड्या मात्र तिने त्यानंतर माझ्या देखत कधी केल्या नाहीत, संक्रांतीलाही लाडूच करते. मग तिला आठवत नाही हे मी कसं मानू?

कॉलनीतल्या मुली येतात. क्लासमुळे कधी दोनच येतात, कधी आठ. धाकटा मुलगा डबा धरतो, त्याला कोणी काही बोललं तर काय करायचं ते मला माहीत नाही, अजून कोणी बोललेलं नाही. मूर्ती घेताना मी मांडीवरचं बाळ बोटाने हलवून बघतो, पक्कं बसलंय का. मूर्तीवाला म्हणतो साहेब तुटेल, हात नका लावू. मी हलवून बघतो आणि मगच पैसे देतो.