स्कूटर कुणाच्या मापाची?

रविवार, रात्री

ठरली एकदाची स्कूटर. गेले काही दिवस घरात दुसरा विषयच नव्हता आणि गंमत म्हणजे प्रत्येक जण वेगळ्याच गाडीबद्दल बोलत होता. नवऱ्याला १२५ सीसी हवी, लेकीला बॅटरीवरची आणि सासूबाईंना 'मागे नीट बसता येईल अशी कुठलीही'. मला काय हवंय, ते आज गाड्यांवर बसून पाहिल्यावर नेमकं कळलं.

दोन गाड्या शेवटपर्यंत टिकल्या होत्या. दोन्हींच्या माहितीपत्रकात सीटची उंची ७६५ मिलिमीटर. कागदावर अगदी जुळ्या बहिणी. पण एकीवर बसले तर दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या, दुसरीवर नुसते चवडे. फरक होता सीटच्या रुंदीचा. सीट पुढच्या बाजूला रुंद असली की मांड्या फाकतात आणि पायाची लांबी तिथेच खर्ची पडते. ही रुंदी काही माहितीपत्रकात सापडली नाही. गाडी धावत असताना चवड्यांवर भागतं. पंचाईत होते ती सिग्नलला उतारावर थांबल्यावर, मागे माणूस बसलेलं असताना, नेमका पायाखाली खड्डा आला की. शंभर किलोच्या वरची गाडी एकदा कलली की हाताने सावरत नाही.

मग मेन स्टँड. सेल्समन 'मी लावून दाखवतो मॅडम' म्हणत पुढे झाला, त्याला म्हटलं, नको, रोज तुम्ही येणार आहात का? गाडी सरळ उभी करायची, स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला लागलेले आधी जाणवले पाहिजेत, मग उजव्या पायाने दांडीवर सगळं वजन टाकायचं. हात फक्त तोल धरायला आणि दिशा द्यायला. पहिल्या गाडीची दांडी बाहेर आलेली होती, चप्पल व्यवस्थित बसली, गाडी चढली. दुसरीची इतकी आत दडलेली की नुसता अंगठाच टेकत होता. माझ्या मते तिचा निकाल तिथेच लागला, पण घरात लोकशाही आहे.

१२५ सीसीचं नवऱ्याचं म्हणणं मात्र रास्त होतं. स्कूटरला आपण बदलायचे गिअर नसतात. एक पट्टा दोन पुल्यांवर फिरतो आणि वेगाप्रमाणे त्यांच्यावरची त्याची पकड वर-खाली सरकते. चढ लागला, मागे कुणी बसलं, की लहान इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी रेंगाळते. ११०ची चालवून बघताना त्याला मागे बसवून चढावर नेली, तेव्हा दोघांनाही ते जाणवलं. मला धास्ती वजनाची होती. पण टेकलेल्या टाचा ज्या गाडीवर मिळाल्या, तीच नेमकी १२५ची निघाली, आणि वजनात ११०पेक्षा फारसा फरक नव्हता.

लेकीची बाजू कमकुवत नव्हती. तेल बदलणं नाही, जागेवरून उचल जबरदस्त, आवाज नाही. अडलं ते चार्जिंगपाशी. आमच्या पार्किंगमध्ये प्लग नाही. काढता येणारी बॅटरी म्हणावी तर दहा किलोच्या आसपासचा डबा रोज जिना चढवून आणायचा. तो कोण आणणार, या प्रश्नावर ती गप्प बसली. शिवाय छापलेली रेंज आणि दोन माणसं बसवून वेगात जाताना मिळणारी रेंज यांत बराच फरक पडतो. 'पुढची गाडी माझीच' असं तिने बजावलंय. तोवर सोसायटीत प्लगचं काही झालं तर मी तिच्या बाजूने.

सासूबाईंची परीक्षा सगळ्यांत कडक. त्या इंजिनाबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. मागचं हँडल घट्ट पकडून पाहिलं, पायटा बाहेर काढून त्यावर पाय ठेवला आणि विचारलं, "पेट्रोल भरताना मला उतरावं लागेल का?" पेट्रोलचं झाकण सीटखाली असेल तर लागतंच. घेतलेल्या गाडीला ते बाहेर, मागच्या दिव्याच्या वर आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्याचं मोल विचारावं.

ब्रेकचं मी फार ताणलं नाही. पुढे डिस्क आहे, डावा ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो. पुढचं चाक १२ इंची, एवढं पुरे. १० इंची चाक खड्ड्यात जास्त आत जातं.

१९४६ साली आलेल्या व्हेस्पाचा आराखडा करणारे कोराडिनो दास्कानियो हे मूळचे विमानांचे अभियंते, आणि त्यांना मोटारसायकली आवडत नसत. म्हणून इंजिन झाकलेलं आणि पुढे पाय ठेवायला मोकळी जागा, टांग टाकून चढायला नको. मोटारसायकल आवडणाऱ्या माणसाला हे सुचलं असतं का, कुणास ठाऊक. त्या मोकळ्या जागेत आमची पिशवी बसते की नाही, हेही मी आज पाहून घेतलं. बसते.

रंग अजून ठरायचाय. लेक निळ्यावर अडून बसली आहे, नवरा राखाडीवर, म्हणे धूळ दिसत नाही. मी त्यात पडणार नाही. मला सासूबाईंसाठी हेल्मेट बघायचंय. घरात आहे ते त्यांना सैल होतं, पट्टा आवळला तरी कपाळावर घसरतं.