बॉडी लँग्वेज वाचायची ती पकडायला नाही, विचारायला

बॉडी लँग्वेजचं कुठलंही ट्रेनिंग असो, सुरुवातीलाच ते ७-३८-५५ चं गणित येतं. म्हणजे आपलं म्हणणं समोरच्यापर्यंत पोचण्यात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि चेहऱ्याचा ५५. मला या आकड्यांचा खरंच त्रास होतो, कारण मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांनी १९६७ च्या ज्या प्रयोगांतून हे मांडलं ते फार छोट्या प्रश्नावर होते, म्हणजे एखादा सुटा शब्द, तो बोलतानाचा सूर आणि चेहऱ्याचा फोटो यांचा मेळ बसत नसेल तर समोरच्याला आपण आवडतोय की नाही हे माणूस कशावरून ठरवतो, एवढंच. प्रोजेक्टचं प्रेझेंटेशन, पगाराची बोलणी, डॉक्टरांनी समजावलेला आजार यांना ते लागू होत नाही आणि हे त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. तरी स्लाइडवरून स्लाइडवर ते फिरतंच आहे.

आकडा चुकीचा असला तर एवढं काय बिघडलं असं कोणी म्हणेल. पण मी इंटरव्ह्यू पॅनलवर बसते आणि तिथे याचा परिणाम डोळ्यांनी बघते. कँडिडेट बाहेर गेला की कोणीतरी म्हणतंच, नजर चुकवत होता, काहीतरी लपवतोय. हाताची घडी होती म्हणजे ॲटिट्यूड आहे. अरे, एसी जोरात असेल, खुर्चीला हात नसतील, किंवा त्याला तसं बसायची सवयच असेल! आणि अवघड प्रश्नाचं उत्तर जुळवताना माणूस नजर बाजूला नेतोच, समोरचा चेहरा बघत डोक्यात आकडेमोड करणं जड जातं. ऑटिझम असलेल्या कित्येकांना तर नजरेला नजर देणंच त्रासाचं असतं. त्यांची नोकरी यावर जाणं हा सरळ अन्याय आहे.

खोटं पकडण्याचं तर बोलायलाच नको. २००६ मध्ये बाँड आणि डीपॉलो या दोन संशोधकांनी तोवरच्या शेकडो प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला, तर लोकांना खरं-खोटं ओळखता येण्याचं प्रमाण सरासरी ५४ टक्के निघालं. नाणं उडवलं असतं तरी ५० आले असते. आणि त्यात पोलिसांसारखे रोज हेच काम करणारे लोकही इतरांपेक्षा फारसे सरस ठरले नाहीत.

मग बघायचं काय? माझ्या मते बदल बघायचा, सुटी खूण नाही. आधी तो माणूस निवांत असताना कसा असतो ते माहीत हवं, म्हणून मी इंटरव्ह्यूची पहिली काही मिनिटं मुद्दाम साध्या गप्पांना देते, हात किती हलतात, किती भरभर बोलतो, मध्ये थांबतो का. नंतर एखाद्या विषयावर हे एकदम बदललं तर तिथे काहीतरी आहे एवढंच कळतं. काय आहे ते विचारल्याशिवाय कळत नाही. टीममधली एक जण मीटिंगभर भराभरा नोट्स घेत होती, नवीन डेडलाइन जाहीर झाली तसं तिने पेन खाली ठेवलं, मागे टेकली आणि "हो हो, जमेल" म्हणाली. सगळ्यांनी ते जमेल ऐकलं. मीटिंगनंतर तिला एकटीला गाठून विचारलं, काही अडतंय का, तर दुसऱ्या टीमकडून येणारा डेटाच अजून आला नव्हता आणि सगळ्यांसमोर त्यांचं नाव घ्यायला तिला संकोच वाटत होता. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण माणसं तोंडाने हो म्हणतात तेव्हा बऱ्याचदा त्यांना नाही म्हणायला जागाच दिलेली नसते.

आणि हो, फक्त चेहऱ्यावर भरवसा ठेवू नका. २०१२ चा एक छान प्रयोग आहे, टेनिसपटूंचे मोठा पॉइंट जिंकल्यावरचे आणि हरल्यावरचे फोटो लोकांना दाखवले. नुसता चेहरा बघून जिंकलाय की हरलाय ते सांगता येईना, नुसतं शरीर दाखवलं तर लगेच ओळखलं.

स्वतःसाठी वापरायची झाली तर हात कमरेवर ठेवून उभं राहिलं की हार्मोन्स बदलतात वगैरे सोडून द्या. ही कल्पना ज्यातून आली तो २०१० चा अभ्यास नंतर जास्त लोकांवर करून बघितला तेव्हा हार्मोन्सचा परिणाम दिसला नाही आणि २०१६ मध्ये मूळ अभ्यासातल्या डॅना कार्नी यांनीच जाहीर सांगितलं की हा परिणाम खरा आहे असं त्यांना वाटत नाही. मी साध्या गोष्टी करते. कोणी बोलायला आलं की लॅपटॉप मिटवते, फक्त मान न वळवता खुर्चीसकट त्याच्याकडे वळते, अवघड विषय असेल तर टेबलाच्या समोरासमोर न बसता कोपऱ्याला बसते. समोरचा जरा मागे सरकला तर मी पुढे सरकत नाही, त्याला तेवढं अंतर हवंय.

व्हिडिओ कॉलवर मात्र यातलं निम्मं हातातून जातं, खांद्याखालचं काही दिसत नाही आणि कॅमेरा वर, चेहरे खाली, त्यामुळे कोणाचीच नजर जुळत नाही. म्हणून मी कॉलच्या सुरुवातीलाच सांगून टाकते की नोट्स दुसऱ्या स्क्रीनवर घेतेय, मी तिकडे बघत असले तरी ऐकतेय. आणि कोणी गप्प झालं की अंदाज बांधत बसत नाही, चॅटमध्ये त्याला एकट्याला मेसेज टाकते, "यावर तुझं काय म्हणणं आहे?"