मोटारसायकलच कशाला?

"कंबोडियातली देवळे पाहायला गेलात हे समजले, पण भाड्याच्या मोटारसायकलवर, एकट्याने, सोबत गाइडसुद्धा नाही, हे कशासाठी?" २०१९ पासून हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला गेला आहे, बँकेच्या रांगेत विचारला गेला आहे आणि एकदा दाताच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात हत्यारे असताना विचारला आहे. प्रत्येक वेळी मी एक ठरलेले उत्तर देत आलो. ते खोटे नाही, पण पुरते खरेही नाही. म्हणून तुम्ही पुन्हा विचारलेत तेव्हा एकदाचे सगळे लिहून काढायचे ठरवले.

ठरलेले उत्तर असे. कंबोडियाच्या जुन्या ख्मेर राजांनी देवळे सुटी सुटी बांधली नाहीत, त्यांना जोडणारे रस्ते आणि पूलही बांधले. त्यांच्या राजधानीहून, म्हणजे अंगकोरहून, पूर्वेला निघणारा जुना मार्ग बेंग मेआलियाच्या देवळावरून पुढे जात असे, आणि त्यांच्यातल्याच सातव्या जयवर्मा राजाच्या ११९१ च्या शिलालेखात राज्यातल्या वाटांवरच्या १२१ धर्मशाळांचा उल्लेख आहे. दोन देवळांमधले अंतर हाही त्या रचनेचाच भाग असेल, तर ते काचा बंद केलेल्या गाडीत डुलक्या काढत पार करणे म्हणजे कीर्तनाला जाऊन नुसता प्रसाद घेऊन येण्यासारखे आहे.

यात भर म्हणून मी कोंपोंग क्देईच्या पुलाबद्दल सांगतो. अंगकोरशेजारच्या सिएम रीप शहरापासून साधारण साठ किलोमीटरवरचा हा बाराव्या शतकातला पूल संपूर्ण जांभ्याचा आहे, आणि मी राजापूर तालुक्यातला असल्यामुळे तो पाहताच मला हसू फुटले. खाली उतरून चिऱ्यावरून हात फिरवला, तर आमच्या परड्याच्या गडग्याची तीच भोके आणि बोटाला लागणारी तीच तांबूस भुकटी. त्याच्या कमानी खऱ्या कमानी नाहीत. दगड थराथराने पुढे सरकवून दोन्ही बाजू वर जुळवल्या आहेत, त्यामुळे गाळे अरुंद आणि खांब जाडजूड. एवढ्या खांबांनी पाणी अडणार नाही का, याचा विचार करत मी पुलाखाली पाऊण तास बसलो होतो. टूरवाल्यांनी मला तिथे दहा मिनिटे दिली असती, या मतावर मी आजही ठाम आहे.

इथे मी नेहमी थांबतो. पुढचे सांगितलेले नाही.

दुसऱ्या दिवशी बेंग मेआलियाहून कोह केर या जुन्या देवळांच्या ठिकाणाकडे जाताना उसाच्या रसासाठी थांबलो. टपरी रस्त्याच्या डाव्या हाताला होती. कंबोडियात वाहने उजवीकडून चालतात हे मला ठाऊक होते आणि आदल्या दिवसभर मी ते बिनचूक पाळलेही होते. पण वर्दळीत पुढच्या गाडीमागे राहिले की चूक होत नाही, ती होते मोकळ्या रस्त्यावर. रस पिऊन मी गाडी चालू केली आणि पस्तीस वर्षांच्या सवयीने डाव्या कडेनेच निघालो. वळणावर समोरून एक म्हातारी सायकलवरून आली, तिच्या योग्य बाजूने, म्हणजे थेट माझ्यावर. मी ब्रेक दाबला, मागचे चाक धुळीत सरकले, माझे हँडल तिच्या कोपराला लागले आणि ती सायकलसकट कडेच्या चरात गेली. तिच्या कॅरिअरवर कमळाच्या देठांची जुडी होती. ती ओरडली नाही. डावे मनगट उजव्या हाताने धरून चरातच बसून राहिली आणि माझ्याकडे न पाहता रस्त्यावर विखुरलेल्या त्या देठांकडे पाहत राहिली.

टपरीवरची माणसे धावत आली. "यिय, यिय" म्हणजे आजी, आजी, अशा हाका मारत एक पोरगा आला. तिचा नातू असावा. मला कोणी मारले नाही, माझ्यावर कोणी आवाजही चढवला नाही, आणि त्याचा मला अधिकच त्रास झाला. पोराने तिला आपल्या गाडीवर मागे बसवून आरोग्य केंद्रात नेले. तिथे पट्टी बांधली आणि एक्स-रेसाठी शहरात जावे लागेल असे खुणेने सांगितले. मग पोराने मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर १५० हा आकडा दाखवला. मी ८० केले.

होय, मी घासाघीस केली. परदेशी माणूस पाहून हा लुबाडतो आहे असे मला त्या क्षणी खरोखर वाटले. अंगकोरच्या तीन दिवसांच्या पासाला मी एक अवाक्षर न काढता ६२ डॉलर मोजले होते. ज्या जयवर्म्याच्या काळातल्या ता प्रोम देवळाच्या शिलालेखात राज्यातल्या १०२ आरोग्यशाळांची नोंद आहे, आणि ज्याला प्रजेची दुखणी स्वतःच्या दुखण्यांपेक्षा अधिक जाणवत असे म्हणतात, त्याच्याविषयीची टिपणे माझ्या खिशातल्या वहीत होती. पोराने आकडा आजीला दाखवला. तिने पाहिले नाही. त्याने मान हलवली.

आणि मी परत फिरलो नाही, कोह केरला गेलो. तिथल्या सात टप्प्यांच्या पिरॅमिडवर लाकडी जिन्याने चढलो. वरून काय दिसले ते सांगता येणार नाही, पायऱ्या मोजत होतो एवढे आठवते. जवळच्या प्रासात चेन या देवळात पाऊलही टाकले नाही. भीम आणि दुर्योधनाच्या गदायुद्धाच्या मूर्ती तिथल्याच होत्या. चोरांनी त्या पायांपासून तोडून नेल्या, पावले चौथऱ्यावर उरली आणि मूर्ती २०१४ मध्ये अमेरिकेतून देशात परत आल्या, हे मी घरी आल्यावर वाचले. गाइडने ते जागेवरच सांगितले असते. गाइडची गाडी उजवीकडूनही चालली असती.

मग तुमचेच बरोबर, असे म्हणून टाकावे का? ते मला जमत नाही. पुलाखालचा पाऊण तास त्या मनगटाच्या बदल्यात मिळाला असे मानायला मी तयार नाही, कारण पूल आदल्या दिवशी पाहून झाला होता. पण ही पळवाट आहे असे कोणी म्हटले, तर माझ्याकडे उत्तर नाही.

पुन्हा जाणार का, असेही लोक विचारतात. जाईन, आणि मोटारसायकलवरच जाईन, असे आज तरी वाटते. २०१९ मध्ये परत आलो त्या रात्री पत्नीने विचारले होते, "गाडी नीट चालवलीत ना?" मी हो म्हणालो होतो. हे वाचायला देण्याआधी तिला सांगावे लागेल.